मालदोलीला थांबलेली लाँच

सोसायटीच्या सहलीचं वेळापत्रक माझ्याकडे असतं. यंदा वाशिष्ठी खाडीतून दाभोळ ते गोवळकोट अशी बोटीची सफर ठेवली. सगळे काठावरच्या कांदळवनाचे फोटो काढत होते. मालदोलीच्या धक्क्याशी डिझेलचा आणि चिखलाचा वास आला आणि मी थेट परळच्या आमच्या खोलीत पोचले.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. बाबा सकाळीच मोर्चाला गेले होते. बाहेर गोळीबार झाला, संचारबंदी लागली, संध्याकाळ झाली तरी ते परतले नव्हते. आईने खिडक्या लावून मला आणि धाकट्या बंड्याला जवळ घेतलं आणि गावच्या प्रवासाचा खेळ मांडला.

"चला, लाँचीत बसा. गोवळकोट येईपर्यंत बाबा येतील."

दर मे महिन्यातली गावची वाट मला पाठ होती. "दाभोळ, धोपावे, मालदोली..."

"थांब गो, ओहोटी आहे. भरतीशिवाय लाँच वर जायची नाही."

"आली भरती!"

"मग काठावर कोण उभं आहे, बघ तरी."

"कोणी नाही. आई, तू उगाच थांबवतेस!" मी टाळी वाजवली. "आलं गोवळकोट, उतरा!"

बंड्या दाराकडे धावला. आई जागची हलली नाही. दार वाजलं नाही.

बाबांना गोळी दुपारीच लागली होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं. म्हणजे माझ्या घाईने काहीच बदललं नव्हतं. तरी गोवळकोट मीच लवकर आणलं, असं वाटायचं काही थांबत नाही.