खिडकीतून खाली सोडलेली तार

“उगाच त्रास दिला तुम्हाला,” हे वाक्य आमचे सर ज्या स्वरात म्हणत, तो स्वर मी दुसऱ्या कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. चहावाल्याने कप ठेवला की ते त्याला असे म्हणत, जिन्यात कुणी बाजूला सरकले की त्याला म्हणत, आणि एकदा तर अडून बसलेला संगणक बटण दाबून बंद करताना त्या संगणकालाही म्हणाले. म्हणताना उजवा हात छातीपर्यंत यायचा, पण छातीला टेकायचा नाही. तोही मध्येच संकोचून थांबायचा.

कोर्टाशेजारच्या आमच्या दुमजली इमारतीत तुमच्यापैकी कुणी कामानिमित्त आले असेल, तर जिन्याखालचे माझे टेबल तुम्ही पाहिलेच असेल. मी अर्जलेखक आहे. शिक्षण आठवीपर्यंत, परंतु माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणावरून कोणत्याही खिडकीतून परत आलेला नाही, हे येथे नमूद करतो. वरच्या मजल्यावर सरांचा टंकलेखनाचा व संगणकाचा वर्ग होता. त्याच्या बरोबर खाली, माझ्या टेबलाला लागून, वकिलांचे काळे कोट शिवणाऱ्या चाचांचे दुकान. दुपारचा डबा आम्ही तिघे चाचांच्या कापड बेतायच्या फळीवर उघडत असू.

सर माढ्याकडचे. अंगाने सडपातळ, आवाजाने त्याहून सडपातळ. भिडस्त माणसे तुम्हीही पाहिली असतील. पण सरांच्या भिडेला तळ नव्हता. त्यांना तिखट सोसत नसे. चाचांच्या डब्यातली शेंगांची चटणी पहिल्या दिवशी त्यांनी भिडेपोटी खाल्ली, आणि मग नाही म्हणायची वेळ निघून गेली ती कायमचीच. चाचा रोज त्यांच्या भाकरीवर चमचाभर चटणी ठेवीत आणि कौतुकाने म्हणत, “सर को लई पसंद है.” सर डोळे पुसत मान डोलवीत.

चाचांची मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेली, तेव्हा चाचा मोबाइलवर तिचा चेहरा बघायला धडपडत. दुकानात रेंज येत नसे. चेहरा मध्येच गोठायचा, ओठ एकीकडे आणि आवाज भलतीकडे. सरांनी हे पाहिले. कुणी काही मागितले नव्हते. एके दिवशी त्यांनी वर्गाच्या खिडकीतून आपल्या नेटची एक तार खाली सोडली, केबलवाल्याकडून चाचांच्या शिलाई मशीनवरच्या फळीवर नेटचा डबा बसवून घेतला आणि म्हणाले, “ही तार आता तुमची, चाचा. माझी समजायची नाही.”

तेव्हापासून दुपारचा डबा झाला की चाचा सुई गादीत टोचून ठेवीत आणि मुलीशी बोलत. सर तेवढ्या वेळात आवर्जून उठून जात. बापलेकीच्या बोलण्यात आपण नको, असे त्यांना वाटे.

पुढे परीक्षा केंद्राच्या तपासणीचे पत्र आले. वर्गातल्या संगणकांवर रीतसर परवान्याची प्रणाली नसेल, तर केंद्र काढून घेतले जाईल, असे त्यात होते. सरांच्या यंत्रांवर, जशी ती गावात सर्वत्र असते, तशी कुणीतरी ‘मारून दिलेली’ विंडोज होती. केंद्र गेले असते तर वर्गही गेला असता. ज्या वर्गात परीक्षाच देता येत नाही, तिथे कोण शिकायला येणार? नवी विंडोज घेणे परवडणारे नव्हते. लिनक्स नावाची दुसरी प्रणाली मात्र फुकट आणि कायदेशीर. सरांनी तीच टाकायचे ठरवले.

यंत्रे जुनी. त्यांची सीडीची खाच कधीच निकामी झाली होती, आणि पेनड्राइव्हवरून ती सुरू व्हायला तयार नव्हती. राहिला एकच मार्ग. मुख्य संगणकावर सगळे सामान ठेवायचे आणि बाकीच्यांनी ते तारेवरून ओढून घ्यायचे. सरांनी मोबाइलवर धडे पाहून तो मार्ग शिकून घेतला होता. पण यंत्र सुरू करावे, तर काळ्या पडद्यावर एक रेघ लुकलुकत राहायची, आणि शेवटी इंग्रजीत एक ओळ यायची.

“काय म्हणते ती?” मी विचारले.

“फाइलचं नाव मिळालं नाही म्हणते.”

“म्हणजे?”

“असं बघा की, भाऊसाहेब. मशीन उठलं की ते तारेवर हाक मारतं, मला पत्ता कोण देतंय? आपला मोठा कॉम्प्युटर म्हणणार, मी देतो, हा घे पत्ता आणि ही घे फाइल. पण त्याच्या आधी दुसरंच कुणीतरी उत्तर देतंय. पत्ता देतंय, फाइल देत नाही. मग मशीन बसतंय ताटकळत.”

मला ते तत्काळ उमगले. कचेरीच्या बाहेरच्या बाकावर असा एक गृहस्थ नेहमी बसलेला असतो. तुम्ही आत जाण्यापूर्वीच तो अधिकाराने सांगतो, “पलीकडच्या खिडकीत जा.” आणि पलीकडच्या खिडकीत कुणीच बसत नसते.

मग तो दुसरा कोण, याचा शोध सुरू झाला. सर छताजवळ स्टुलावर उभे राहिले. वर्गातल्या सगळ्या तारा तिथल्या एका डब्यात एकत्र येत. ते एकेक तार उपटत, खालच्या यंत्राकडे पाहत, तार परत लावत. मी स्टूल धरून उभा होतो. एक करडी तार उपटली आणि पडद्यावर ओळी धावू लागल्या. भराभर, वरून खाली. सरांचा चेहरा असा उजळला की मी स्टूल सोडून टाळी वाजवणार होतो.

तेवढ्यात खालून हाक आली. “सर, नेट गया क्या? बच्ची बोलते बोलते गायब हो गई.”

सरांनी क्षणाचाही विचार केला नाही. तार परत लावली. “आलं चाचा, आलं. उगाच त्रास दिला.” पडद्यावरच्या ओळी थांबल्या.

चाचांच्या फळीवरचा तो नेटचा डबाच यंत्रांना आधी उत्तर देत होता. दुपारपुरती ती तार काढून ठेवली असती तर सगळे काम उरकले असते. दुसरे उपाय असतीलही. आम्हाला ते ठाऊक नव्हते.

“चाचांना सांगा की,” मी म्हणालो.

सर स्टुलावरून उतरले नाहीत. “दिलेली तार आहे, भाऊसाहेब. तुमची म्हणून दिलीय. आता मागायची कशी?”

“मागायची कुठंय? दोन तास काढायची.”

“त्यांना वाटेल, ह्याला नड आली की ह्यानं हात आखडला.” आणि ते त्या उंचीवरून खिडकीबाहेर पाहत राहिले.

तपासणी परवावर आली. सर रोज चाचांच्या दुकानापर्यंत जात, हवापाण्याचे बोलत, परत येत. एकदा तर शर्टाला बटण लावून घेऊन आले. अखेर मी म्हणालो की तोंडाने होत नसेल तर कागदाने होते. आमचा धंदा त्यावरच उभा आहे. सरांना ते पटले. समोर उभे राहावे लागणार नाही, एवढ्यानेच त्यांना हायसे वाटले असावे.

मी अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, ‘उपरोक्त विषयान्वये’, सारे यथास्थित. शेवटी, ‘सदर तार तात्पुरती खंडित करण्यात यावी, अन्यथा होणाऱ्या नुकसानीस आपण जबाबदार राहाल.’ सरांनी तो वाचला. हात छातीच्या दिशेने निघाला.

“हे शेवटचं... काढता येईल का, भाऊसाहेब?”

“त्याशिवाय अर्जाला वजन येत नाही, सर.”

 माझ्या लेखणीला नाही म्हणणे त्यांच्याने झाले नाही. त्यांनी सही केली आणि मी सांगितले म्हणून वर्गाचा शिक्काही उठवला.

अर्ज द्यायला मीच गेलो. चाचा एका वकिलाच्या खांद्यांचे माप घेत होते, दुसरे एक वकील बाकावर बसले होते. मी स्थळप्रत पुढे केली आणि पोच मागितली. म्हणजे कागद मिळाल्याची सही.

“चष्मा तिकडं राहिला,” चाचा म्हणाले. “तुम्हीच वाचा की.”

मी वाचला. लोकांसमोर वाचताना माझा आवाज आपोआप चढतो, सवय आहे. ‘अन्यथा’पाशी आलो तेव्हा बाकावरचे वकील हसले. “चाचा, नोटीस आली व्हय तुम्हाला? वकीलपत्र माझ्याकडं द्या बरं का.”

चाचा हसले नाहीत. त्यांनी गळ्यातली टेप काढून फळीवर ठेवली.

“भाऊसाहेब, वर से एक आवाज देते तो मैं हीच निकाल देता था ना. हमारे बीच में कागज कायकू?”

मी म्हणालो, “रीत असते, चाचा.”

“किसकी रीत?”

मी सहीची जागा बोटाने दाखवली. त्यांनी माझ्याकडून पेन घेऊन पोच दिली. चष्म्याशिवायही सही अगदी नेटकी होती. मग स्टूल ओढून त्यांनी नेटच्या डब्यातली तार काढली, खिडकीखाली जाऊन वरचे टोकही ओढून सोडवले, तार हातावर गुंडाळली आणि माप अर्धवट टाकून जिना चढले. मी मागोमाग.

सर दारातच होते. बहुधा खालचे सगळे त्यांना ऐकू गेले होते. माझा आवाज वरपर्यंत जातो.

“घ्या सर,” चाचा म्हणाले. “ह्याची पोच नको मला.”

सरांनी तार घेतली. ओठ हलले, पण त्या दिवशी नेहमीचे वाक्यसुद्धा बाहेर पडले नाही. चाचा उतरून गेले. आणि नेमक्या त्याच वेळी खोलीतले एक यंत्र जागे झाले, मग शेजारचे, मग त्याच्या शेजारचे. सगळ्या पडद्यांवर ओळी धावू लागल्या. जे पाहण्यासाठी सर इतके झुरले होते ते त्यांच्या पाठीमागे घडत होते, आणि ते वळून पाहत नव्हते. कान तांबडे झाले होते. मीही जमिनीकडे पाहत होतो. दोन वयस्क माणसे फरशीकडे पाहत उभी होती, आणि यंत्रे आपापले काम बिनबोभाट उरकत होती.

तपासणी पार पडली. केंद्र टिकले. तपासणीसाने लिनक्सची वाखाणणी केली असे विद्यार्थिनींकडून कळले. सर स्वतः त्याविषयी बोलले नाहीत.

सर तार घेऊन परत लावून द्यायला गेले होते. “राहू द्या, सर,” चाचा अगदी साधेपणाने म्हणाले, “मोबाइलवर चालतंय आता.” चालत नव्हते. चाचा दुपारी फाटकापाशी उन्हात उभे राहून मुलीशी बोलत, कारण रेंज तिथेच होती. वर्गाच्या खिडकीतून फाटक दिसते. सरांनी ती खिडकी लावून घेतली. उन्हाळ्यात, पंखा बिघडलेला असताना. ते मागच्या, मोरीकडच्या जिन्याने येऊ-जाऊ लागले. डबा वरच खाऊ लागले.

मला राहवेना. मी वर गेलो आणि म्हणालो, “सर, दिलगिरीचा एक चांगला मसुदा करून देतो. असा लिहितो की चाचांच्या डोळ्यांत पाणी येईल.”

सरांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी कधी कुणाला नाही म्हटलेले मी ऐकले नव्हते. “नको, भाऊसाहेब,” ते म्हणाले. “तुम्ही नका लिहू.”

स्वर मऊच होता. मी खाली आलो. समोर एक शेतकरी सातबाऱ्याच्या दुरुस्तीसाठी बसला होता, त्याला उद्या यायला सांगितले. त्या दिवशी माझ्या हातून एकही ओळ झाली नाही.

सरांनी वर्ग शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुळे सोलापूरला हलवला. तिकडे मुलींना सोयीचे पडते, असे कारण सांगितले, आणि ते खोटे नव्हते. सामान न्यायला टेम्पो आला तेव्हा दुपार होती. संगणक एकावर एक ठेवून हमाल निघून गेले. चाचा दुकानातून बाहेर आले. हातात काळ्या कापडाच्या उरलेल्या चिंध्यांचे गाठोडे होते. ते टेम्पोत चढले आणि प्रत्येक दोन पडद्यांच्या मध्ये चिंध्यांची घडी सरकवत गेले, कोटाच्या खांद्यात भरतात तशी, दाबून, चाचपून. मग उतरले आणि टेम्पोचा मागचा फळका लावला.

सर पुढे चालकाशेजारी बसले होते. काच उघडी होती. चाचा त्या बाजूने गेले असते तर दोघांची गाठ पडली असती. चाचा क्षणभर थांबले आणि दुसऱ्या बाजूने वळून दुकानात गेले. मी जिन्यापाशी उभा होतो. मला वाटले, सर आरशात पाहतील. त्यांनी मांडीवरच्या पिशवीचे बंद सोडले, पुन्हा बांधले, आणि टेम्पो रस्त्याला लागेपर्यंत मान वर केली नाही.