केंदूरच्या घराच्या सात चाव्या

चावीवाले आप्पा कुलपाला हात लावण्याआधी घरातली माणसं मोजायचे. शिरूरच्या बाजारात त्यांची टपरी होती. कुणी म्हटलं, "आप्पा, तिन्ही दारांना एकच चावी लागेल असं करून द्या," की ते विचारायचे, "जेवायला पानं किती असत्यात?" जितकी पानं तितक्या चाव्या.

लोक चेष्टा करायचे, "आप्पा, कामाला आलाय का पंगतीला?"

"दोन्हीला. घरचं माणूस दाराभाईर राह्यलं, तर माझं काम नासलं."

प्रत्येकाने स्वतःच्या हाताने चावी फिरवून बघितल्याशिवाय ते उठत नसत.

वडील गेल्यावर आई आणि मी केंदूरच्या एकत्र घरातच राहिलो. कारभार थोरल्या चुलत्यांकडे, तात्यांकडे. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही दोघी चार दिवस खुटबावला मामाकडे गेलो. परत आलो, तर दार बंद आणि पायरीवर आप्पा. आईने चावी लावली. फिरेना.

"ती आता लागायची न्हाई," आप्पा म्हणाले. त्यांनी खिशातून दोन नव्या चाव्या काढल्या. "ह्या लावून बघा."

आधी काय घडलं होतं, ते चुलतीने नंतर सांगितलं. तिन्ही कुलपांच्या आतल्या पिना बदलून एकच चावी करायला तात्यांनी आप्पांना बोलावलं होतं. पानं किती, तर तात्या म्हणाले, "पाच." मागच्या दाराकडे जाताना आप्पांनी मांडणीवरच्या ताटांवर घातलेली नावं वाचली.

"तात्या, ह्या दोघींची बी ताटं हायत की."

"त्या माहेरी गेल्यात. कायमच्या."

चुलती हळूच म्हणाली, "आजच यायच्यात." आप्पांनी कानशीने सात चाव्या घासल्या, पाच तात्यांना दिल्या आणि पायरीवर जाऊन बसले. तात्यांनी उठवलं, तरी उठले नाहीत.

माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर पालक म्हणून ज्यांची सही होती, तेच हे तात्या! त्या दिवशी पायरीवर आधी आईने नवी चावी फिरवून बघितली, मग मी. आप्पांनी घाई केली नाही.

आम्ही त्याच घरात राहिलो. मी पदवीधर झाले, घराण्यातली पहिली. मधल्या काळात आप्पांची टपरी बंद झाली. लेकाकडे गेले असतील, असं आम्ही धरून चाललो.

गेल्या वर्षी दौंड स्टेशनबाहेर ते दिसले. बॅगांच्या चेनी दुरुस्त करत होते.

"आप्पा, चाव्यांचं काम?"

"तुझं तात्या सांगत फिरलं, म्हातारा जास्तीची चावी काढून ठिवतो म्हणून. मग कोण दार दाखवील?"

आमचं घर राहिलं आणि त्यांचा धंदा गेला. इतक्या वर्षांत आम्ही साधी चौकशीही केली नव्हती.

"मी गावात सगळ्यांना खरं सांगते."

"आधी आईला इचार, पोरी. त्या घरात तिला राह्याचंय."

घरी येऊन आईला सांगितलं. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग हात धुतले, पदर खोचला आणि ओसरीवर गेली. तात्यांसोबत गावातली चार माणसं बसली होती. तात्यांसमोर आई कधी मान वर करून बोलली नव्हती.

"तात्या," ती म्हणाली, "चावीवाल्या आप्पांचं काय केलंत, ते ह्यास्नी तुम्ही सांगताय, का मी सांगू?"