पट्टी कोण वाचणार

"आलो का आली? आधी ठरव. मंग रक्त घेतो. एचआयव्हीचंच ना?"

सरकारी दवाखान्याच्या खिडकीतून तपासणीवाला मोठ्याने बोलला. मी हळूच म्हटलं होतं, "साहेब, तपासणी कराले आली." कागदावर नाव पुरुषाचं, अंगात शर्टपँट, आणि तोंडातून 'आली' निघून गेलं. माझ्या लोकांत, माझ्यासारख्या पोरींत, मी तशीच बोलते. बाजारात जीभ आवरते. त्या दिवशी आवरली नाही.

मागे रांगेत माझी दोन गिऱ्हाइकं होती. हसली.

मी गोंडपिपरीच्या बाजारात मासोळी विकते. डोक्यावर टोपलं घेऊन सुरुवात केली. आज तलावाच्या लिलावात मोठमोठ्या व्यापाऱ्यांना घाम फोडते. पण या हाताला रोग आहे असं एकदा पसरलं, की कितीही स्वस्त लावा, कोणी घेणार नाही. मासोळीतून हा रोग जात नाही, हे मला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाला कोण सांगणार? रक्त न देताच परतले.

भांडले नाही. तेच अजून डाचतं. दोन रुपयांसाठी बाजार डोक्यावर घेणारी मी, तिथे मान खाली घालून निघाले.

मग सात-आठ महिने नुसती भीती. घर एका खोलीचं. साधा खोकला आला तरी आई कपाळाला हात लावून बघायची, आणि मला वाटायचं, हिला कळलं. चंद्रपूरला जावं, तर तिथेही खिडकीच. माहीत करून घेतल्याशिवाय जगवेना, आणि माहीत करून घ्यायला जागा नाही.

उन्हाळ्यात एका संस्थेने आम्हा लोकांना बोलावलं. घरी करायची तपासणी आली होती. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर, वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ म्हणजे नाही. दोन आल्या तर दवाखान्यात पक्की तपासणी. मी तपासणीचा एक डबा उचलला. संस्थेच्या माणसाने त्यावर हात ठेवला.

"ताई, इथीच करा. रेघ आम्ही वाचून सांगतो. फोटो वर पाठवा लागते."

"डब्यावर काय लिहून आहे?"

"स्वतः तपासणी."

"मंग तू काऊन बसून राह्यला?"

आमच्या पोरी खिदळल्या. तो चिडला. "तुमच्या लोकांले वाचता येत नाई, ताई. घाबरून भलतंच समजता."

माझं डोकं फिरलं. "कल्ला उचलून सांगते मी, मासोळी आजची का कालची. मले एक अन् दोन कळत नाई?"

"बरं, फोटो नको. पण आमच्यासमोर करा."

"नाई."

"मंग नाव तरी लिहा."

"नाव नाई. फोटो नाई. समोर नाई. नाई तं आज एकही बोट पुढं येणार नाई."

मी उठले आणि दाराकडे चालू लागले. लिलावात मी अशीच उठते. पण या वेळी मागून खुर्च्या सरकल्या. सगळ्या पोरी उठल्या होत्या.

"घेऊन जा, माय!" तो ओरडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कडी लावून बसले. बोट टोचलं. आई बाहेर दाराला टेकून सुकट निवडत होती.

"काऊन रे बाबू, दार लावून काय करून राह्यला?"

"कपडे बदलून राह्यलो, माय."

"इतका वेळ? नवरदेव आहेस का?"

वीस मिनिटं. खोलीला दुसरं दार नाही. पाठीमागे आई, पुढ्यात पट्टी. पट्टीवरून डोळे हलवले नाहीत. मग उमटलं. मी वाचलं. कोणी वाचून दाखवलं नाही.

किती रेघा? संस्थेच्या माणसाने तीनदा फोन करून विचारलं. पोरींनी विचारलं. तुमच्याही मनात तेच आहे. पुढे जे करायला पाहिजे ते मी करते आहे. पण ते उत्तर माझं आहे, आणि ज्याला मी सांगीन त्यालाच ते कळेल.

तुम्हाला सांगणार नाही.