दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे

त्या वर्षी बाबा एकटेच इंग्लंडमधे आमच्याकडे रीडिंगला आले. वहिनीचं बाळंतपण जवळ आलं होतं म्हणून आई मुंबईत भावाकडे थांबली, आणि तिकिटं तर आधीच काढलेली होती. तीन महिने राहायचं ठरलं होतं. पहिल्या आठवड्यात मी त्यांना विंडसर आणि ऑक्सफर्ड दाखवून आणलं. मग माझी सुट्टी संपली. मी सकाळी नऊपासून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून कॉलवर, नवरा दिवसाआड लंडनला ऑफिसात, आणि बाबा खिडकीशी. माझा कॉल चालू असला की ते पाय न वाजवता चालायचे. चहा करायचा असला तर आधी दारातून डोकावून माझ्याकडे बघायचे, आणि मी मान हलवली की मगच केटलचं बटण दाबायचे.

दुपारी ते बसने स्टेशनपर्यंत जाऊन यायचे. काय पाहिलं म्हणून विचारलं तर म्हणायचे, "लिफ्ट बघितली. इकडच्या लिफ्ट बोलतात."

बाबांनी जन्मभर मुंबईत लिफ्टच्या देखभालीचं काम केलं. गिरगाव, फोर्ट, दादर इथल्या जुन्या इमारती त्यांच्याकडे असायच्या. शाळेत कुणी वडील काय करतात असं विचारलं की मी 'इंजिनिअर' असं सांगायचे. त्यांना ते कधी कळलं की नाही, मला माहीत नाही. मी त्यांच्या कामाबद्दल काही विचारलं नाही आणि त्यांनीही आपणहून काही सांगितलं नाही.

मेमधल्या बँक हॉलिडेला जोडून मला चार दिवस मिळाले. बाबांचा शेंगेन व्हिसा आम्ही मुंबईहूनच काढून घेतला होता. नवऱ्याच्या ऑफिसात नेमकं तेव्हाच सॉफ्टवेअरचं रिलीज निघालं. तो म्हणाला, "तुम्ही दोघंच जाऊन या ना." मी इटलीतलं बोलोन्या निवडलं. जुनं शहर, जमीन बऱ्यापैकी सपाट, आणि रस्त्यांच्या कडेने लांबच लांब कमानी, त्यामुळे ऊन-पाऊस काही लागत नाही. बाबांचा उजवा गुडघा दुखतो. हॉटेल बघताना मी फक्त एक गोष्ट तपासली होती, लिफ्ट आहे की नाही.

लिफ्ट होती. हॉटेल म्हणजे एका जुन्या इमारतीचा तिसरा मजला, सात-आठ खोल्यांचा. बाकीच्या मजल्यांवर लोकांची घरं. मालकीण साठीच्या आसपासची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेली. खोलीत दोन लोखंडी पलंग होते आणि एक कपाट, ज्याचं दार कागदाची घडी अडकवल्याशिवाय बंद राहायचं नाही. खिडकीतून आतलं अंगण दिसायचं आणि कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी. मला ती खोली आवडली. बाबा मात्र अजून लिफ्टपाशीच होते.

जिना लिफ्टच्या चारही बाजूंनी वळत वर गेला होता. मधे लोखंडी जाळीचा उभा पिंजरा, आणि त्यात वर-खाली करणारी लाकडी केबिन. दोन झडपांचं दार, काचा, आणि आत बसायला भिंतीवर दुमडून ठेवायची एक लाकडी फळी. वर येताना बाबा नुसते कान देऊन उभे होते.

"दुसऱ्या मजल्याचा दरवाजा नीट बसत नाहीये," ते म्हणाले. "मी जिन्याने येत जाईन."

"बाबा, तीन मजले आहेत. तुमचा गुडघा…"

"सावकाश येईन."

"इथे सगळं वेळच्या वेळी चेक होतं. आत सर्टिफिकेट लावलंय, बघितलंत ना?"

"सर्टिफिकेट तर मीही लावायचो," बाबा म्हणाले.

मला राग आला. विमानतळावर व्हीलचेअर नको म्हणाले, आता लिफ्ट नको. दोन दिवस असंच चाललं. मी लिफ्टने वर जायचे आणि दारात उभी राहून त्यांची वाट बघायचे. ते कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत यायचे आणि प्रत्येक मजल्यावर थांबून जाळीतून आत बघायचे. दुसऱ्या दिवशी मी मालकिणीला मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, दुसरा मजला, दार. तिने मान डोलावली, हसली, आणि हाताने असं काहीतरी केलं की जणू ते दार तिच्या लग्नाच्या आधीपासून तसंच आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही बाजारातून फिरून दुपारी जेवायच्या सुमारास परत आलो. खाली चौथ्या मजल्यावरच्या बाई उभ्या होत्या. ऐंशी तरी असतील. नीट विंचरलेले पांढरे केस, अंगात कोट, आणि हातात भाजीची चाकाची ट्रॉली. आदल्या दिवशी जिन्यात त्यांची-आमची नमस्कारापुरती ओळख झाली होती. त्यांनी माझ्यासाठी दार धरलं. बाबा जिन्याकडे वळले. मी काहीशा हट्टानेच आत शिरले.

दुसरा मजला मागे टाकला आणि लिफ्ट थांबली. धक्का नाही, आवाज नाही, नुसती थांबली. आतला दिवा चालू होता. मी तिसऱ्याचं बटण दाबलं, मग तळमजल्याचं, मग लाल बटण दाबलं. वर कुठेतरी घंटा वाजली. बाईंनी माझ्या दंडाला धरलं आणि दुसऱ्या हाताने दार ओढायला सुरुवात केली. त्यांचा श्वास जोरात चालला होता. माझा फोन खोलीत चार्जिंगला लावलेला होता, आणि इटालियन शब्द मला सगळे मिळून दहा-बारा येत असतील.

"दाराला हात लावू देऊ नकोस त्यांना."

तोवर जिना चढून आलेल्या बाबांचा आवाज अगदी जवळून आला. जिन्याच्या वळणावर, जाळीच्या पलीकडे ते उभे होते. केबिनच्या काचेतून मला त्यांचा चेहरा जेमतेम हातभर अंतरावर दिसत होता. धावत आलेले नव्हते. कोट काढून ते पायरीवर त्याची घडी करत होते.

"आधी त्यांना बसव. ती फळी खाली पाड. तूही बस, खाली जमिनीवर. हं, आता ऐक. ही पडत नाही. पडू शकत नाही. दाराचा एक विजेचा कॉन्टॅक्ट सुटलाय, म्हणून ती थांबली. थांबली म्हणजे तिचं काम नीट चाललंय. हे त्यांना सांग."

मी काय सांगणार? मी वर बोट दाखवलं, मूठ घट्ट आवळली, आणि "बेने, बेने", म्हणजे ठीक आहे, असं म्हणाले. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या बाबांकडे बघत होत्या.

"ताई," बाबा त्यांना सरळ मराठीत म्हणाले, "मी इथेच आहे. तुम्ही बाहेर येईपर्यंत मी इथून हलणार नाही."

हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. घरी बाबा हळू, अर्धवट बोलतात आणि वाक्याचा शेवट आईवर सोडतात. हा आवाजही चढा नव्हता, पण त्यात घाई अजिबात नव्हती. बाईंनी दार सोडलं आणि त्या फळीवर बसल्या.

तेवढ्यात घंटा ऐकून मालकीण सपाता घालून खाली आली. तिने लगेच मेकॅनिकला फोन लावला आणि चार बोटं दाखवून मला सांगितलं, चाळीस मिनिटं. मग ती कुठून तरी एक लोखंडी पट्टी घेऊन आली आणि तिसऱ्या मजल्याच्या दारात खुपसायला लागली. बाबा तेवढ्या पायऱ्या चढले आणि तिच्यापुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले. "नो, मॅडम. नो." ती काहीतरी जोरात बोलली. बाबा हलले नाहीत. शेवटी तिने पट्टी भिंतीला टेकवून ठेवली. बाबांनी तिच्या खांद्यावर हलकेच थोपटलं आणि ते परत आमच्या वळणावर येऊन पायरीवर बसले.

"ट्रॉलीत काय आहे विचार त्यांना," ते मला म्हणाले.

"बाबा, आत्ता?"

"विचार तर."

मी ट्रॉलीकडे बोट दाखवलं. बाईंना आधी कळलं नाही. मग त्यांनी एक कांदा काढून काचेसमोर धरला. "चिपोल्ला," त्या म्हणाल्या. "कांदा," बाबा म्हणाले. मग गाजर निघालं. "कारोता." "गाजर." त्यांनी 'गाजर' म्हणून बघितलं, ते बरं जमलं. टोमॅटो, लसूण, पाव, सगळं एकेक करून निघालं. मग एक पांढरा, कांद्यासारखाच पण पसरट गड्डा, वर शेपूसारखा पाला. बाबांना तो ओळखू येईना. बाईंनी थोडा पाला तोडला, केबिनच्या झडपांमधल्या फटीतून बाहेर सरकवला. बाबांनी जाळीतून दोन बोटं घालून तो घेतला, चुरडून वास घेतला आणि लहान मुलासारखे ओरडले, "अगं, ही तर बडीशेप!" बाई हसल्या. माझ्या दंडावरचा हात तोवर कधी सुटला होता ते मला कळलंही नव्हतं.

चाळीस मिनिटं होऊन गेली. मेकॅनिकचा पत्ता नव्हता. मालकीण बाबांसाठी कॉफी घेऊन आली. आम्हाला देता येईना म्हणून बाबांनीही ती घेतली नाही, बाजूला पायरीवर ठेवून दिली.

"तुम्ही नेहमी असंच करायचात?" मी विचारलं.

"काय?"

"भाज्या विचारायचात?"

"जे सुचेल ते. गिरगावात एकदा एक शिक्षिका अडकल्या होत्या. रडायलाच लागल्या. मी त्यांना म्हटलं, बाई, एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवा. त्या इतक्या चिडल्या! म्हणाल्या, तुम्ही मला पाढे विचारणारे कोण? आणि चिडून सगळा म्हटला. तोवर माझ्या माणसाने वर काम उरकलं. राग आला की भीती जाते गं."

मी हसले. बाईही हसल्या, काही न कळता.

"आणि दाराला हात लावू द्यायचा नाही, ते का?"

हातातला पाला बाबा बोटांत फिरवत होते.

"फोर्टमधे एक जण होता. तरुण होता. ऑफिसला उशीर होत होता त्याला. दोन मजल्यांच्या मधे थांबली, तर त्याने दार उघडलं आणि उडी मारायला गेला. मी पोचायच्या आधीच. वाटेतच होतो मी, चर्चगेटपाशी." ते थांबले. "त्या लिफ्टमधे काही बिघडलं नव्हतं. पाच मिनिटांचं काम होतं."

"मी तेव्हा केवढी होते?"

"दुसरीत असशील. त्या दिवशी तू चित्र काढून ठेवलं होतंस दाखवायला. मी बघितलं नाही. आई रागावली होती माझ्यावर."

मला ते चित्र आठवत नाही. बाबा कधीकधी आल्या आल्या मोरीत जायचे आणि खूप वेळ पाणी वाजत राहायचं, तेवढं आठवतं. लिफ्टच्या जमिनीवर बसून, काचेला खांदा टेकवून मी त्यांच्याकडे बघत होते. बाई आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. त्यांनी मला ट्रॉलीतला पाव तोडून दिला आणि मी तो खाल्ला.

मेकॅनिक आला तेव्हा आधी खालून त्याचं शिव्यांसारखं काहीतरी ऐकू आलं, बहुधा ट्रॅफिकला. पन्नाशीचा, जाडजूड, एकटाच होता. बाबांनी त्याला जाळीतून दुसऱ्या मजल्याचं दार दाखवलं. त्याने बाबांच्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि विचारलं असावं, तुम्हीपण? बाबांनी मान हलवली. मग दोघांचं भाषेवाचून ठरलं. मेकॅनिक सगळ्यात वर मशीनपाशी जाऊन हाताने चाक फिरवणार, आणि केबिन मजल्याला लागली की बाबा खालून सांगणार.

केबिन बोटभर, बोटभर वर सरकायला लागली. बाबा तिसऱ्या मजल्याच्या दारापाशी उभे राहून केबिनच्या खालच्या कडेकडे बघत होते. "आने दो… आने दो…" मुंबईतली सवय, कामाच्या वेळी हिंदी. आणि मग खणखणीत, "बस! बस!"

चाक जागच्या जागी थांबलं. हा शब्द मेकॅनिकला बरोबर कळला. त्यांच्याकडे 'पुरे'ला 'बास्ता' म्हणतात.

दार उघडल्यावर बाई आधी बाहेर आल्या. त्यांनी बाबांचे दोन्ही गाल धरले आणि एकेक पापा घेतला. बाबा कानापर्यंत लाल झाले. मालकीण जोरजोरात टाळ्या वाजवत होती. मी बाहेर येऊन बाबांना मिठी मारावी असं मनात होतं, पण आमच्याकडे तशी सवय नाही. मी त्यांचा कोट उचलला, झटकला आणि त्यांना घालायला धरला.

बिघाड दुसऱ्या मजल्याच्या दाराचा नव्हताच. पहिल्या मजल्याचा निघाला. मेकॅनिकने कॉन्टॅक्टची एक काळवंडलेली छोटी पितळी पट्टी आणून बाबांच्या तळहातावर ठेवली आणि एक बोट वर केलं. बाबांनी ती उलटसुलट करून पाहिली. "हं. चुकलो," ते म्हणाले. त्यांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. मेकॅनिकने त्यांना वर मशीन बघायला चला म्हणून खूण केली. पाचवा मजला आणि वर लोखंडी शिडी. मी काही म्हणायच्या आत बाबा निघाले होते. ते अर्ध्या तासाने खाली आले, हाताला ग्रीस लागलेलं, आणि गुडघा दोन दिवस सुजला.

त्यामुळे शेवटचा दिवस आम्ही फारसं कुठे गेलो नाही. दुपारी चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी आम्हाला वर बोलावलं. तो पांढरा गड्डा पातळ चिरून, संत्र्याच्या फोडी आणि मीठ घालून त्यांनी खायला दिला. गप्पा अशा झाल्याच नाहीत. त्यांनी नवऱ्याचा फोटो दाखवला, बाबांनी फोनवर नातवाचा दाखवला. तो आठ दिवसांचा होता. बराच वेळ आम्ही तिघं खिडकीशी बसून खालच्या कमानींतून जाणारी-येणारी माणसं बघत होतो.

घरी पोचलो तेव्हा नवऱ्याने पिठलं-भात करून ठेवला होता. जेवताना त्याने विचारलं, काय काय पाहिलंत, तर मी त्याला लिफ्टची सगळी गोष्ट सांगितली. पट्टी, पाढे, पाव, सगळं. फोर्टमधला तरुण मात्र सांगितला नाही. बाबा मान खाली घालून जेवत होते.

"म्हणजे दीड तास तुम्ही आत?" नवऱ्याने विचारलं.

"दीड तास," मी म्हणाले.

"एक तास सत्तावीस मिनिटं," बाबा म्हणाले. "मी वेळ बघून ठेवली होती." आणि त्यांनी भात पुढे सरकवायला सांगितला.