कॉलरमावशीचा अख्खा शर्ट

तिला सगळे कॉलरमावशी म्हणत. लग्नाआधी ती शर्टाच्या कारखान्यात लागली आणि तेव्हापासून नुसत्या कॉलरीच शिवत आली. बाह्या शेजारची शिवायची, खिसे पलीकडची. मशीनच्या घरघरीत तिला गोड गुंगी यायची. हात आपले आपण चालत राहायचे आणि मन कुठल्या कुठे भटकून यायचं. या कॉलरी कुणाच्या मानेभोवती बसत असतील, ती माणसं कुठल्या खिडकीत उभी राहून चहा पीत असतील, असलं काहीबाही तिला दिसत राहायचं.

कारखान्यानं वस्तीचं रूपच पालटलं होतं. पत्र्यांच्या जागी स्लॅब आले, पोरी शिकायला लागल्या, बायका ताठ मानेनं दुकानात जाऊ लागल्या. पण पगार वाढले तशी मालकाची नजर फिरली. समुद्रापलीकडे एका देशात शिलाई स्वस्त पडत होती. बघता बघता मशीनं खोक्यांत बंद झाली आणि मॅनेजर मावशीला म्हणाला, "तिकडच्या मुलींचा हात बसेपर्यंत चला. पगार चांगला देऊ."

"आपल्याच पोटावर पाय देणाऱ्यांना शिकवायला निघालीस?" खिसे शिवणारी मैत्रीण तोंडावर म्हणाली. घरी नवरा मात्र म्हणाला, "जा तू. लेकीचं कॉलेज तरी निघेल. मी भात करपवीन आणि तुझी आठवण काढत खाईन."

तिकडचा कारखाना उघड्या माळावर होता. सकाळी इतकं धुकं असायचं, की ट्रकमधून उतरणाऱ्या मुली धुक्यातूनच उगवल्यासारख्या वाटायच्या. आपलं मशीन मावशीनं लांबूनच ओळखलं. लेकीनं लहानपणी चिकटवलेला चांदोबा अजून त्याच्या चाकावर होता. आता तिथे एक लांब वेणीची मुलगी बसली होती. हिची भाषा तिला येईना, तिची हिला. शेवटी मावशीनं तिच्या हातांवर आपले हात ठेवले आणि मशीन चालू केलं. कॉलरचं टोक नीट वळलं तेव्हा दोघींना एकदमच हसू फुटलं.

सुट्टीच्या दिवशी त्या मुलीनं मावशीला गावी आपल्या आईकडे नेलं. दोन्ही भाषा मोडक्यातोडक्या येणारा कारखान्याचा ड्रायव्हर सोबत होता. मुलीच्या आईनं मावशीचा हात हातात घेऊन विचारलं, "हा कारखाना इथे किती वर्षं राहील?"

"तुमचे पगार वाढेपर्यंत," मावशी बोलून गेली. ड्रायव्हर घुटमळला, पण त्यानं सांगितलं.

"मग आता तुम्ही काय करणार?" आईनं विचारलं.

"मला कॉलरीशिवाय काहीच येत नाही हो." मावशीनं हे पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं होतं.

मुलगी घाईघाईनं काहीतरी बोलली. ड्रायव्हर हसला. "ती म्हणते, बाह्यावाली तिच्याच खोलीत राहते, खिसेवाली शेजारी. सगळ्या मिळून अख्खा शर्ट शिकू या."

मग रोज संध्याकाळी मुलींच्या खोलीत एका जुन्या चादरीचा शर्ट व्हायचा, उसवायचा, पुन्हा व्हायचा. कोण काय बोलतंय ते कुणालाच कळत नसे, आणि अडतही नसे. मावशीला वाटायचं, आपण पाण्याखाली आहोत आणि इथे सगळ्यांना पोहता येतंय.

परतल्यावर तिनं स्वतः शिवलेला अख्खा शर्ट नवऱ्याला घातला. एक बाही बोटभर लांब होती. तो तसाच गल्लीभर मिरवून आला. दुसऱ्या दिवशी मैत्रीण दारात उभी. "खिसा वाकडा लावलायस," ती म्हणाली आणि आत येऊन बसली.

आता त्या दोघी शाळेचे गणवेश शिवतात. कधी काम असतं, कधी आठवडाभर नसतं. लेक म्हणते, "आई, दारावर पाटी लावू या."

"थांब गं," मावशी म्हणते, "आधी मला बटणांची काजं करायला तर शिकू दे."