ब्रेकची मोजदाद

१७ मे १९९८, रविवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. नाशिकला आडगाव नाक्याजवळ आमच्या घरासमोर ट्रक उभा होता. त्याच्या मडगार्डवर मी वही उघडून ठेवली होती, हातात तीस सेंटिमीटरची लाकडी पट्टी होती आणि समोर तीन पुरुष रांगेत उभे होते. पहिले अण्णा, म्हणजे माझे वडील, दुसरा माझा धाकटा भाऊ, तिसरे चाचा. चाचा मालेगावचे. सव्वीस वर्षांपूर्वी अण्णांना ट्रक चालवायला त्यांनीच शिकवले होते.

प्रयोग सोपा होता. मी पट्टी उभी धरून अचानक सोडायची आणि समोरच्याने ती दोन बोटांत पकडायची. पट्टी जितकी खाली घसरेल, तितका मेंदूपासून बोटापर्यंतचा वेळ जास्त. एम.एस्सी.चे पहिले वर्ष नुकतेच संपले होते आणि जगातील बहुतेक प्रश्न मोजून सुटतात यावर माझा पूर्ण विश्वास होता. तो आजही बराचसा शाबूत आहे.

मोजण्यामागे कारण होते. अण्णांच्या पाठीचा मणका सरकला होता आणि डॉक्टरांनी क्लच दाबायला कायमची मनाई केली होती. चाचांनी तात्पुरती गाडी हाती घेतली खरी, पण ऑगस्टअखेर मालेगावला परतून मुलांच्या यंत्रमागांवर लक्ष द्यायचे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते. त्यानंतर स्टिअरिंगवर भाऊ बसला तर ट्रक घरात राहणार होता. नाही तर नांदगावचा एक गिऱ्हाईक दोनदा येऊन टायरांवर मूठ आपटून गेलाच होता. भावाला दुसरे काही करायचे नव्हते. दहावीनंतर त्याने पुस्तक मिटले ते मिटलेच. ट्रकचे बॉनेट मात्र तो दररोज उघडत असे.

अडचण वयाची होती. मालवाहू गाडीच्या लायसन्सला वीस वर्षे पूर्ण लागतात. कागदावर भाऊ येत्या एक जूनला वीस वर्षांचा होत होता. प्रत्यक्षात तो अठरा वर्षे नऊ महिन्यांचा होता. निफाड तालुक्यातील आमच्या गावात मुलाला शाळेत घालायला नेले, की गुरुजी त्याच्याकडे एकवार पाहत आणि एक जून ही तारीख लिहून टाकत. सालही प्रवेशाला बसेल असे निवडले जाई. आमच्या वर्गातील बेचाळीस मुलांपैकी एकोणतीस जण एक जूनला जन्मले होते. त्यांत मीही होते. संभाव्यतेचा धडा शिकताना मी हे उदाहरण वहीच्या समासात लिहून ठेवले होते. भावाची खरी तारीख फक्त आईला ठाऊक होती: एकोणऐंशी सालच्या पोळ्याचा दुसरा दिवस.

त्याच सुमारास नाक्यावरच्या आठ-दहा ट्रकमालकांनी सरकारला एक निवेदन द्यायचे ठरवले होते. लायसन्सचे वय अठरा करा, ही मागणी. शाळा सोडलेला मुलगा दोन वर्षे वाट पाहत बसत नाही, सातपूरच्या कारखान्यात चिकटतो आणि मग ट्रकला ड्रायव्हर मिळत नाहीत, हा त्यांचा मुद्दा मला पटला होता. मसुदा लिहिण्याचे काम अण्णांनी माझ्यावर सोपवले. नुसते म्हणणे मांडून सरकार ऐकत नाही, सोबत आकडे जोडू, असे मी सुचवले. म्हणून ती पट्टी.

प्रत्येकी दहा वेळा पट्टी सोडली. भावाची सरासरी पंधरा सेंटिमीटर, अण्णांची साडेवीस, चाचांची चोवीस. मी तिथेच वर्गमूळ काढले.

"साठच्या वेगात चाचांपेक्षा हा पाऊण मीटर आधी ब्रेक मारेल," मी जाहीर केले. "विज्ञानाच्या दृष्टीने अठराचा मुलगाच योग्य आहे."

"मी सतराव्या वर्षी मनमाडपर्यंत गाडी नेली," अण्णा म्हणाले. "तेव्हा कोणी पट्टी सोडली नाही."

"तुमच्या वेळी रस्त्यावर बैल होते, अण्णा," भाऊ हसला. "तेच तुमच्यासाठी थांबायचे."

चाचांनी पट्टी माझ्या हातातून घेतली आणि खिडकीवर टेकवून ठेवली. "माझा हात ढिला झालाय बेटा, खरं आहे. पण तू पट्टी सोडणार हे मला ठाऊक होतं. रस्ता सांगून सोडतो का? एकदा माझ्याबरोबर घाट उतर. मग लिही तुझा कागद."

हे आव्हान मी आनंदाने स्वीकारले. हरण्याची शक्यता माझ्या हिशेबात नव्हती.

पुढच्या रविवारी वाशीच्या बाजारासाठी कांदा भरून आम्ही निघालो. इगतपुरी मागे पडल्यावर घाटनदेवीच्या देवळापाशी चाचांनी गाडी थांबवली. "आता ऐकायचं. ब्रेक मारला की हवा सुटते, फुस्स होतं. मोज."

मी पेन्सिल हातात घेतली. चाचांनी खालचा गियर टाकला. इंजिन कुरकुरत राहिले आणि भरलेला ट्रक चालत्या माणसाच्या मागे लागल्यासारखा संथ उतरू लागला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. चाचा पानाचा तुकडा दाढेत सरकवत होते. समोर वळणावर एक टँकर थांबलेला दिसला, तेव्हा त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून कितीतरी आधीच वर आला होता. पायथ्याच्या चहाच्या टपरीशी थांबलो, तेव्हा माझ्या वहीत नऊ रेघा होत्या.

सूत्र मला येत होते. उंचावरून उतरणाऱ्या वजनाची ऊर्जा कुठेतरी जिरावीच लागते. ती इंजिनात जिरवा, नाही तर ब्रेकच्या ड्रममध्ये. परीक्षेत हे मी लिहिले असते आणि पूर्ण गुण घेतले असते. पण त्यावरून माणसाला मोजता येते, हे माझ्या लक्षात आले नव्हते. पट्टी मोजत होती तो ब्रेक मारायला लागणारा वेळ. चाचा जगत होते ते ब्रेक मारावाच लागू नये अशा बेताने.

एक जूनला भावाने लर्निंग लायसन्स काढले. सात जूनच्या रविवारी पुढे-मागे लाल 'एल' लावून, गाडी रिकामी ठेवून, शेजारी चाचांना बसवून तो घाटात उतरला. मी खिडकीशी होते. रेघा ओढता ओढता माझी पेन्सिल बोथट झाली. सत्तेचाळीस.

टपरीशी उतरल्यावर चाचांनी पाण्याची बाटली घेतली आणि पुढच्या चाकाच्या ड्रमवर चार थेंब शिंपडले. तव्यावर पडावे तसे ते चर्रकन उडाले. ब्रेकच्या जळक्या लायनिंगचा वास येतच होता.

"गाडी रिकामी होती," चाचा म्हणाले. "दहा टन कांदा असता तर?"

उत्तर मी वहीत काढून पाहिले आणि वही मिटली.

घरी आल्यावर अण्णांनी विचारले, "काय म्हणतो तुझा कागद? गुरुवारी नांदगावचा माणूस येतोय. हो की नाही, ते सांगून टाक."

"आज नाही," मी म्हणाले.

"ताई, तू बहीण आहेस की आरटीओ?" भाऊ उसळला. "तुझ्या पट्टीत मी पहिला आलो होतो ना? तेव्हा बरं विज्ञान-विज्ञान करत होतीस!"

"पट्टी चुकली नव्हती. मी चुकीची गोष्ट मोजली."

"वा! म्हणजे चूक तुझी आणि नापास मी!"

त्याचे बोलणे न्याय्य होते. म्हणून मी त्याच संध्याकाळी, पुढचा एकही आकडा हाती येण्याआधी, नियम लिहून सगळ्यांना वाचून दाखवला. भरलेली गाडी, देवळापासून टपरीपर्यंतचा उतार, सलग तीन रविवार, प्रत्येक वेळी पंधरा किंवा त्याहून कमी ब्रेक. मुदत पोळ्यापर्यंत. जमले तर ट्रक त्याचा, नाही तर गिऱ्हाइकाचा. अण्णांनी कागद हातात घेऊन पाहिला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "ऐकलंस का? तुझ्या लेकीने कायदा केलाय."

"सरकारपेक्षा बरा आहे," आतून आई म्हणाली. "निदान पोळा तरी बघितला तिने."

गुरुवारी नांदगावचा माणूस आला, चहा प्यायला आणि पोळ्यानंतर येतो म्हणून गेला.

त्यानंतरचे माझे रविवार घाटात गेले. पायथ्याशी उतरून मी एसटीने परत येई. ते दोघे वाशीला जात. पक्के लायसन्स जुलैत मिळाले. परीक्षेचे मैदान सपाट होते. भावाने गाडी सफाईने मागे-पुढे घेतली आणि पास झाला. त्याच आठवड्यात भरलेल्या गाडीने घाटात त्याचा आकडा होता छत्तीस. मला वाटते, त्याला कायद्याने दिलेल्या लायसन्सपेक्षा माझ्या वहीची भीती जास्त होती, आणि याचा मला थोडा अभिमानही होता.

चाचांची शिकवण्याची पद्धत विचित्र होती. ते ब्रेकविषयी बोलतच नसत. "त्या पांढऱ्या जीपवाल्याला घाई आहे, पुढच्या वळणावर तो कुठे शिरेल सांग." "टपावर ताडपत्री फडफडतेय, वारा कुठला?" "समोरच्या बसच्या खिडक्यांतून किती जण बाहेर बघतायत? सगळे एकाच बाजूला बघत असतील, तर पुढे काहीतरी पडलंय." भाऊ आधी वैतागे, मग उत्तरे देऊ लागला, मग प्रश्नाआधीच सांगू लागला. पावसात, धुक्यात, दरडीवरून पाणी रस्त्यावर येत असताना माझ्या वहीत आकडे उतरत गेले: चोवीस, सव्वीस, एकोणीस. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या रविवारी चौदा आणि दुसऱ्या रविवारी तेरा.

राहिला होता एक. दोन आठवड्यांनी मला पुण्याला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातील संशोधनाच्या कामासाठी रुजू व्हायचे होते. गिऱ्हाइकाचा निरोप येऊन गेला होता.

त्या तिसऱ्या रविवारी देवळापाशी गाडी थांबली आणि चाचा खाली उतरले. "तू पण उतर, मास्तरीणबाई."

"मग मोजणार कोण?"

"तोच मोजेल. आपण दोघं गाडीत बसलो की तो आपल्यासाठी चालवतो. उद्यापासून आपण नाही."

आक्षेप घ्यायला माझ्याजवळ भरपूर कारणे होती. ज्याची परीक्षा, त्यानेच गुण मांडायचे, ही कुठली पद्धत! पण मोजणाऱ्याच्या उपस्थितीनेच मोजमाप बदलते, ही अडचण माझ्याच विषयातील होती, आणि दहा आठवडे मी ती खिडकीशी बसून दुर्लक्षित केली होती. मी उतरले. भावाने आमच्याकडे पाहिले, खालचा गियर टाकला आणि ट्रक पहिल्या वळणाआड गेला. आम्ही चहा घेतला. चाचांनी अर्धाच प्यायला. मग ओळखीच्या टेम्पोत बसून खाली उतरलो. वाटेत एका वळणावर बंद पडलेली बस होती आणि प्रवासी रस्त्यावर उभे होते. चाचांनी त्या जागेकडे मान वळवून पाहिले.

टपरीशी ट्रक नीट कडेला लावलेला होता. भाऊ चाकाजवळ उकिडवा बसला होता. मी वही काढली. त्याला नियम पाठ होता. तेरा म्हटले असते तरी मी लिहिले असते, आणि खोडून काढायला माझ्याकडे काहीच साधन नव्हते.

"सोळा," तो म्हणाला.

मग त्यानेच पुढे सांगितले. "बसपर्यंत अकरा होते. तिथे एक बाई पोराला घेऊन रस्ता ओलांडत होती. दोन ब्रेकमध्ये भागलं असतं, बहुतेक. मी पाच मारले. मला बहुतेक नको होतं." मग जमिनीकडे पाहत म्हणाला, "नियम पंधराचा आहे, माहीत आहे मला. सांग अण्णांना."

चाचांनी बाटलीतले पाणी ड्रमवर शिंपडले. थेंब ओघळून खाली आले. मग ते क्लीनरच्या बाजूने केबिनमध्ये चढले, चपला काढल्या, खांद्यावरचा रुमाल तोंडावर घेतला आणि डोळे मिटले. दुसरा माणूस स्टिअरिंगवर असताना चाचा झोपले, असे मी एकदाही पाहिले नव्हते.

नियम मी केला होता. त्यात मोजणाऱ्याच्या खरेपणासाठी रकाना ठेवला नव्हता, हा त्यातला दोष होता, आणि दोष सापडल्यावर नियम सुधारणे हे माझे काम होते. "वाशीला उशीर होईल, नीघ," मी म्हणाले. "अण्णांना मी सांगते. नांदगावच्या माणसालाही."

तो उठून, पँटवर हात पुसत, स्टिअरिंगच्या बाजूला गेला.

पुण्याला जाण्यापूर्वी मी निवेदन पुन्हा लिहिले. पट्टीचा तक्ता काढून टाकला. वय अठरा करायला हरकत नाही, पण जाणत्या ड्रायव्हरला शेजारी बसवून भरलेल्या गाडीने ठरावीक वेळा घाट उतरल्याशिवाय पक्के लायसन्स नको, अशी मागणी मांडली. काही मालकांना दुसरे वाक्य आवडले नाही. तरी सह्या झाल्या. त्याचे पुढे काय झाले, ते मला कळले नाही. वय वीसच राहिले. आज इतक्या वर्षांनंतरही मी तेच निवेदन, त्याच दोन वाक्यांसह, पुन्हा लिहीन.

पण ते नंतरचे. त्या रविवारी ट्रक दिसेनासा होईपर्यंत मी टपरीशी उभी होते. मग एसटीची वाट पाहत बाकावर बसले, वही मांडीवर घेतली, तारीख घातली आणि शेवटच्या रकान्यात, पंधराच्या नियमाखाली, शाईने लिहिले: सोळा.