सगळ्यांत वर दिसलेला डॉक्टर

आधी त्या बाईंचं सांगतो, मग काय झालं ते. बदनापूरला स्टेशनाजवळ राहतात, जालन्याला एका ऑफिसात कामाला आहेत, सकाळच्या गाडीनं जातात आणि संध्याकाळच्या गाडीनं येतात. त्यांचं माझं नातं नाही, गाव एक नाही, आणि त्यांच्या घरात एकही जनावर नाही. तरी आज माझा कळप उभा आहे तो त्यांच्यामुळं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं संशयाचं आहे आणि त्या संशयातून मी त्यांनाही सोडलं नव्हतं.

आम्ही मेंढरं घेऊन फिरणारी माणसं. गाव येवल्याच्या पलीकडं. दिवाळी झाली की तिथं चारा उरत नाही, मग बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि उगवतीकडं चालू लागायचं. पाचवीत असताना असाच एकदा निघालो तो शाळेत परत गेलोच नाही. वाचता येतं, पण सावकाश. लिहिणं पुढं रानात बसून सुधारलं.

त्या हिवाळ्यात आमचा मुक्काम बदनापूरच्या बाहेर, कापूस निघालेल्या एका रानात होता. मेंढरं रानात बसवायची, लेंडीखत शेतमालकाला आणि बदल्यात धान्य आम्हाला, असा आमचा जुना व्यवहार. एका सकाळी मेंढरांभोवतीची जाळी उघडली, तर म्होरकी उठली नाही. तोंडातून लाळ, डोळे चिकटलेले, अंग तापलेलं. तिच्या शेजारी आणखी काही मेंढ्या तशाच, आणि कोकरं तर मान टाकून पडलेली.

म्होरकी म्हणजे कळपाच्या पुढं चालणारी मेंढी. डांबरी सडक असो, नाहीतर शहागडचा गोदावरीवरचा पूल, आधी ती जाते, मग बाकीच्या. ही जागा ढकलाढकली करून मिळत नाही. एखादं आगाऊ जनावर पुढं घुसलंच, तर आम्ही त्याला कान धरून मागं आणतो. जी दोन-चार वर्षं पारखली, जी गाडीच्या हॉर्नला बुजली नाही, जिनं कधी कळप खड्ड्यात नेला नाही, तीच पुढं. माझ्या बापानं मला दुसरं काही शिकवलं नसेल, पण पुढं कोण चालतंय ते बघून चाल, एवढं शिकवलं. ते माझ्या डोक्यात असं बसलंय, की जे पुढं दिसेल ते कुणीतरी पारखूनच पुढं ठेवलंय, असं मी धरून चालतो.

शेतमालकाला विचारलं, “मालक, सरकारी जनावरांचा दवाखाना कुठं आहे?”

“व्हता की बाजाराकडं. आता तिथून हलवला म्हणून राह्यलेत. कुठं ते मला ठाव न्हाई,” ते म्हणाले. “फोनात बघा ना, पाव्हणं. माझ्यापरीस मोठा फोन घेऊन फिरून राह्यले तुम्ही.”

टाइप करायला मला वेळ लागतो, म्हणून मी फोनला तोंडानंच सांगितलं, बदनापूरचा जनावरांचा डॉक्टर. लगेच यादी आली. सगळ्यांत वर एक नाव, मोठ्या अक्षरात, चोवीस तास, घरपोच सेवा. त्या नावाच्या डोक्यावर बारीक अक्षरात आणखी एक शब्द होता, तो मी वाचायच्या भानगडीत पडलो नाही. सगळ्यांत वर आहे म्हणजे म्होरका असणार. फोन लावला.

एक पोरगी हिंदीत बोलायला लागली. “सर, आपके पेट का नाम?”

“नाव नाही हो. मेंढ्या आहेत. भेड.”

“ओके सर. कितने पेट्स हैं?”

“शंभराच्या वर.”

तिनं आकडा परत एकदा विचारून घेतला. मग ती म्हणाली, “सर, डॉक्टर असाइन हो गए हैं, दो घंटे में पहुँच जाएँगे.”

बायको म्हणाली, “तिनं गाव विचारलं का?”

विचारलं नव्हतं. मी म्हणालो, “फोनात दिसत असेल त्यांना.” तोवर माझा विश्वास होता.

मी सडकेच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. येणारी प्रत्येक मोटारसायकल डॉक्टरची वाटायची. फोनवर मेसेज येत होते, तुमचे डॉक्टर रस्त्यात आहेत, थोडी वाट पाहा. दुपार कलली. शेतमालक बैलगाडी घेऊन जाताना थांबले. “काय पाव्हणं, डॉक्टर पुण्याहून पायी निघाला का? तुमचंच बघून चालून राह्यला दिसतो.”

मी हसलो, पण सडकेवरची नजर काढली नाही. दिवस मावळायच्या आत तीन कोकरं गेली. बायकोनं ती बांधाच्या कडेला पुरली. परत फोन केला तर दुसराच माणूस, परत तेच, पेट का नाम. मी परत शोधलं. आता वर वेगळं नाव होतं. त्याला फोन लावला, तर तोच आवाज.

तिथून माझं डोकं फिरलं. नाव वेगळं, आवाज एक, म्हणजे काय? आणि त्यापुढची गंमत अशी की भजनाचा व्हिडिओ लावला, तर मध्येच जनावरांच्या औषधाची जाहिरात. बातम्या उघडल्या, तर मेंढ्यांच्या खुराकाची. बायकोनं फोन माझ्या हातातून घेतला आणि गोधडीखाली दाबून ठेवला.

“ह्याला कोणी सांगितलं आपली मेंढरं आजारी आहेत?”

“मीच सांगितलं ना त्याला.”

“डॉक्टर पाहिजे म्हणून सांगितलं. मग ह्यानं विकणाऱ्यांना का सांगितलं?”

मी गोधडीखालून फोन काढला आणि बंद करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनावर गेलो, कारण नोकरीवाली माणसं तिथं भेटतात. दोघांना विचारलं, ते फोनातच बघत राहिले. मग या बाई. बाकड्यावर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी सांगितलं, तर म्हणाल्या, “दाखवा फोन.”

फोन द्यायला हात पुढं होईना. घेतला आणि पळाल्या तर, असं नाही, पण अजून कुठं कुठं बोट लावलं तर. त्यांनी ते ओळखलं असावं. “तुमच्याच हातात धरा, दादा,” म्हणाल्या. “मी सांगते, तुम्ही अंगठा फिरवा. खाली चला. अजून खाली. हा बारीक शब्द वाचा बरं.”

मी एकेक अक्षर लावून वाचलं. प्रायोजित.

“म्हणजे पैसे भरून वर बसलेत. पहिले चार-पाच सगळे तसलेच. एखादा खरा असेलही त्यात, पण वर आहे म्हणून खरा नाही.”

“पैसे भरून पुढं चालता येतं?” मी विचारलं.

“इथं येतं.”

खरं सांगू, मला ते पटायला नाही, पचायला जड गेलं. आणि लगेच मनात आलं, या बाई मला का सांगतायत? यांचाही कोणी डॉक्टर भाऊ असेल, खाली कुठंतरी बसलेला. तेवढ्यात त्यांनी स्वतःच्या फोनवरून कुणाला तरी फोन लावला. माझा संशय आणखी वाढला. बोलून झाल्यावर म्हणाल्या, “माझी मैत्रीण पंचायत समितीत आहे. दवाखाना हलवलाय ते खरं, पण लांब नाही. चला, जागा दाखवते.”

“तुमची गाडी?”

“गेली ती. आत्ता गेली. तुम्ही पाठमोरे उभे होता.”

गाडी चुकवून कोणी फुकट वाट दाखवतं का? सगळ्या वाटेनं मी त्यांच्या मागं चार पावलं अंतर ठेवून चाललो. एकदा त्या वळून म्हणाल्या, “दादा, मी काही तुमच्या मेंढ्या पळवत नाही. मला तर त्यांची भीतीच वाटते.” मग चालता चालता सांगितलं, की त्यांच्या वडिलांना कानाचं मशीन पाहिजे होतं, तर त्यांनीही असंच वरचं नाव धरलं. मशीन आलं, पण त्यातून नुसती शिट्टी वाजायची. वडील शेवटपर्यंत म्हणत राहिले की पोरीनं आणलंय, चांगलंच असणार, आणि तसंच कानात घालून बसायचे. हे सांगताना त्या हसल्या नाहीत. तिथं मी अंतर थोडं कमी केलं.

सरकारी डॉक्टर मोटारसायकलवर माझ्यासोबत रानात आले. त्यांनी आजारी मेंढ्या वेगळ्या करायला लावल्या, सुया दिल्या, धडधाकट जनावरांना लस टोचली. मी विचारलं, “कालच आला असता तर?”

“काल बोलावलं असतं तर आलो असतो,” ते म्हणाले. रागानं नाही, पण ते वाक्य मला अजून टोचतं.

कळप वाचला. म्होरकी वाचली नाही. आठवडाभरानं मुक्काम हलवला, तेव्हा मेंढरं सडकेपाशी येऊन तिथंच घुटमळली, पुढं व्हायला कोणीच तयार नाही. शेवटी मीच पुढं झालो आणि बायको मागून हाकत आली.

आता फोनात काही शोधायचं झालं, की मी वरची चार-पाच नावं वाचतच नाही. त्यात एखादं चांगलंही सुटत असेल. दुकानात पहिल्या फळीवर ठेवलेला साबण दिसला तरी मी विचारतो, हा पुढं कुणी ठेवला? बायको म्हणते, तुम्हाला आता माणसात न्यायची सोय राहिली नाही.

त्या बाईंना मी विचारलं होतं, तुमचं काय द्यायचं. म्हणाल्या, “काही नाही, मला ऑफिसात उशिराचं कारण सांगायला मिळालं.” त्यांनी ते हसण्यावारी नेलं, मी नेलेलं नाही. पुढच्या कातरणीची काळी लोकर मी बाजूला ठेवणार आहे. आमच्या गावात घोंगडी विणणारा एकच म्हातारा उरलाय, त्याच्याकडून एक विणून घेईन आणि बदनापूरला त्यांच्या दारात नेऊन देईन. फुकट का देतोय म्हणून त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, तरी मला राग येणार नाही.